अख्खा दाणा आणि पाकिटावरील अक्षरें

नोव्हेंबरची १४ तारीख आमच्या शाळेंत दरवर्षी बालदिन म्हणून साजरी होते. पंडित जवाहरलाल नेहरूंचा जन्म १८८९ सालीं याच दिवशीं झाला, हें आमच्या पांचव्या इयत्तेंतील मूलहि सांगेल. परंतु त्यानंतर दोन वर्षांनीं, म्हणजे १८९१ सालीं, याच तारखेस कॅनडा देशांत डॉक्टर फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला आणि त्यांच्या स्मरणार्थ सारें जग हा दिवस मधुमेह दिन म्हणून पाळतें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असते. बँटिंग व त्यांचे सहकारी चार्ल्स बेस्ट यांनीं १९२१ सालीं टोरंटो विद्यापीठांत इन्सुलिन हातीं आणलें. तोंवर ज्या बालकांस हा विकार जडे त्यांचें मरण ठरलेलें असे. तें पुढें टळूं लागलें. मुलांचा दिवस आणि मधुमेहाचा दिवस एकच असावा हा निव्वळ योगायोग होय. तथापि शाळेनें या योगाचा उपयोग करून घ्यावा असें आम्हांस वाटतें, आणि त्याचें कारण पुढील हकीगतीवरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

गेल्या बालदिनीं कार्यक्रम आटोपून मंडपांतील खुर्च्या उचलल्या जात असतां एक पालक आमच्याजवळ येऊन उभे राहिले. मोर्शी तालुक्यांतील एका खेड्यांत त्यांची थोडी संत्र्याची बाग आहे व त्यांची कन्या आमच्या शाळेंत शिकते. कांहीं काळापूर्वी त्यांस मधुमेह असल्याचें निष्पन्न झालें. तेव्हांपासून त्यांनीं सकाळची भाकर सोडली आणि न्याहारीच्या तयार धान्याचें एक पाकीट दरमहा शहरांतून आणावयास आरंभ केला. त्यांची तक्रार थोडक्यांत अशी होती: ‘सर, पाकिटावर तं अख्खं धान्य म्हणून लिवलं आहे. महागाचं पाहून घेतलं. मंग साखर काहून वाढली?’

आम्हीं त्या वेळीं कांहींतरी मोघम उत्तर दिलें, आणि ते भले गृहस्थ समाधान न पावतांच घरीं गेले. त्या पाकिटापायीं घरांतील मुलांच्या दुधांत काटकसर होऊं लागली आहे, हें आम्हांस त्यांच्या कन्येकडून मागाहून कळलें. प्रश्न विचारणारास उत्तर न मिळतां परत जावें लागणें ही शिक्षकास न शोभणारी गोष्ट होय. तें राहून गेलेलें उत्तर या वार्षिकाच्या पानांतून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. धान्य अख्खें आहे किंवा नाहीं हें दाण्याच्या शरीरावरून ओळखावें, पाकिटावरील अक्षरांवरून ओळखूं नये. आणि तें मधुमेह्यास मानवलें किंवा नाहीं हें त्याच्या रक्तास विचारावें, जाहिरातीस विचारूं नये. एवढें ज्यास उमगलें त्याचा पैसाहि वांचेल व प्रकृतीहि सांभाळली जाईल.

प्रथम रोगाचा विस्तार पाहूं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशांतील सर्व राज्यांतून २० वर्षांवरील सुमारें १ लाख १३ हजार माणसांची पाहणी झाली. तिचे एकत्रित निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून असें अनुमान निघालें कीं, या देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोकांस मधुमेह आहे, आणि आणखी सुमारें १३ कोटि ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणजे हा आतां केवळ गादीवर बसणाऱ्या शेटसावकारांचा रोग राहिला नाहीं. तो बागाईतदाराच्या, शिक्षकाच्या व मजुराच्या घरींहि येऊन बसला आहे. आमच्या वर्गांत वडिलांच्या किंवा आजीच्या ‘शुगर’विषयीं न ऐकलेलें मूल आतां शोधावें लागतें.

या रोग्याची सकाळ विशेष अवघड असते. पहाटेच्या सुमारास शरीरांत असे कांहीं अंतःस्राव वाढतात कीं, जे यकृतास सांठविलेली साखर रक्तांत सोडावयास लावतात व इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. निरोगी माणसाचें स्वादुपिंड तत्काळ जास्त इन्सुलिन सोडून तोल संभाळतें; मधुमेह्याच्या स्वादुपिंडाच्यानें तें होत नाहीं. म्हणून रात्रभर कांहीं न खातांहि पुष्कळांची साखर सकाळीं चढलेली आढळते. अशा वेळीं पोटांत जाणारा पहिला पदार्थ कोणता असावा हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. न्याहारी साधली तर दुपारच्या जेवणानंतरची साखरहि कांहींशी आटोक्यांत राहते, असेंहि प्रयोगांत दिसून आलें आहे.

आतां हें पाकिटांतलें धान्य आलें कोठून तें पाहूं. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत बॅटल क्रीक नांवाचें गांव आहे. तेथील आरोग्यभवनाचे प्रमुख डॉक्टर जॉन हार्वे केलॉग आणि त्यांचे बंधु विल्यम कीथ केलॉग हे रोग्यांना पचण्यास हलकें असें अन्न शोधीत असतां १८९४ सालीं शिजलेल्या गव्हाच्या पापुद्र्यासारख्या पाकळ्या करण्याची युक्ति त्यांस साधली. पुढें मक्याच्या पाकळ्या झाल्या, १९०६ सालीं विल्यम यांनीं कारखाना काढला, आणि रोग्यांच्या पथ्याचा पदार्थ सर्व जगाच्या सकाळच्या मेजावर जाऊन बसला. आपल्या देशांत या कंपनीनें १९९४ सालीं पाऊल ठेविलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हा पदार्थ ‘पचण्यास हलका’ व्हावा या हेतूनें जन्मास आला. आणि जें लवकर पचतें त्याची साखरहि लवकर होते. ज्या गुणासाठीं तो अजीर्णाच्या रोग्यास दिला गेला, तोच गुण मधुमेह्यास अवगुण होऊन बसतो.

हें नीट समजण्यास धान्याचा एक दाणा हातीं घेऊन पाहावें. बाहेर कोंड्याचें कवच, आंत पिठाळ गर आणि एका टोंकास इवलासा अंकुर, असे त्याचे तीन भाग असतात. गरांतील पिठाचे कण पेशींच्या भिंतींआड कोंडलेले असतात. असा दाणा अख्खा किंवा जाडसर भरडून शिजविला तर पोटांतील पाचक रसांना त्या भिंती ओलांडून आंत शिरण्यास वेळ लागतो, आणि साखर रक्तांत धारेनें न शिरतां थेंबाथेंबानें उतरते. उलट तोच दाणा दळून मैद्यासारखा बारीक केला, किंवा वाफेनें शिजवून, दाबून, फुगवून, भाजून त्याच्या पाकळ्या केल्या, कीं भिंती मोडतात, पिठाचे कण फुगून फुटतात व पाचक रसांस सारें घर उघडें मिळतें. कोंडा व अंकुर त्यांत पुनः मिसळले तर कायद्याच्या दृष्टीनें धान्य अख्खें राहील. पोटाच्या दृष्टीनें तें मोडलेलेंच असतें. किल्ल्याची तटबंदी पाडून तिचे दगड आंत रचून ठेवले म्हणून किल्ला अभेद्य राहत नाहीं, तद्वतच हें आहे.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. ज्या टोरंटो विद्यापीठांत इन्सुलिन हातीं आलें, त्याच विद्यापीठांत डेव्हिड जेंकिन्स व त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं अन्न मोजण्याचें एक नवें माप सुचविलें. त्यास ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात; आपण त्यास येथें शर्करांक म्हणूं. रात्रभर उपाशी असलेल्या निरोगी माणसास एखादा पदार्थ द्यावयाचा, त्यांत पचणारें पिष्ट ५० ग्रॅम भरेल एवढा. मग दोन तासपर्यंत रक्तांतील साखर किती चढते तें मोजावयाचें, आणि शुद्ध ग्लुकोज १०० धरून त्याच्याशीं तुलना करावयाची. ५५ किंवा त्याहून कमी अंक आला तर पदार्थ मंद, ७० किंवा त्याहून अधिक आला तर शीघ्र, व मधला तो मध्यम. अशा शेंकडों मोजण्या एकत्र करून २००८ सालीं एक मोठी सारणी प्रसिद्ध झाली. तींतील कांहीं सरासरी अंक विद्यार्थ्यांनीं वहींत उतरून घ्यावेत. मक्याच्या पाकळ्या, म्हणजे कॉर्नफ्लेक्स, ८१. गव्हाच्या पाकळ्यांच्या वड्या ६९. ओट्सच्या साध्या चपट्या दाण्यांची पेज ५५. परंतु त्याच ओट्सचा झटपट होणारा प्रकार ७९! मैद्याचा पांढरा पाव ७५ आणि संपूर्ण गव्हाच्या पिठाचा पाव ७४. शिजविलेले हरभरे मात्र अवघे २८.

या अंकांकडे जरा थांबून पाहावें. पांढऱ्या पावांत व संपूर्ण गव्हाच्या पावांत अंतर किती? एक अंकाचें. कोंडा व अंकुर असूनहि साखरेच्या चढणीवर परिणाम जवळजवळ शून्य; कारण दाणा पीठ होऊन गेलेला. आणि ओट्सच्या दोन प्रकारांत धान्य एकच असून अंतर २४ अंकांचें. कारण एकांत दाण्याचा आकार बराच टिकला, दुसऱ्यांत तो नाहींसा झाला. १९८८ सालीं जेंकिन्स यांनींच मधुमेही व्यक्तींवर आणखी एक प्रयोग केला. पावाच्या पिठांत अख्खे किंवा भरडलेले दाणे निरनिराळ्या प्रमाणांत घालून तो पाव त्यांस खावयास दिला. पिठाचें प्रमाण घटून दाण्यांचें प्रमाण जसजसें वाढत गेलें, तसतशी साखरेची चढण उतरत गेली. आमच्या बागाईतदार पालकांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळालें. पाकिटावर लिहिलें तें खोटें नव्हतें. पण त्यांस जें हवें होतें तें त्या अक्षरांत नव्हतें.

उरलेलें अर्धें उत्तर वाटींत आहे. पाकिटावर एका वेळचें प्रमाण बहुधा ३० ग्रॅम छापलेलें असतें. शेतीकामास जाणाऱ्या माणसाचें ३० ग्रॅम पाकळ्यांनीं काय होणार? तो वाटी दोनदां भरतो. वर गोड दूध, एखादें केळें, आणि साखर वर्ज्य म्हणून चमचाभर मध किंवा गूळ! मध व गूळ यांस रक्त साखरेहून निराळें मानीत नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. शिवाय कांहीं पाकिटांतील पाकळ्यांवर कारखान्यांतच साखरेचा लेप चढविलेला असतो तो निराळाच.

येथें कोणी चिकित्सक वाचक आक्षेप घेईल कीं, अख्खें धान्य खाणारांस मधुमेह कमी होतो असें मोठमोठे शास्त्रज्ञ सांगतात त्याचें काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्यास बगल देणें अप्रामाणिकपणाचें होईल. अमेरिकेंतील परिचारिका, डॉक्टर इत्यादि आरोग्यसेवकांच्या तीन मोठ्या समूहांचें दीर्घकाळ निरीक्षण करून २०२० सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें एक निबंध प्रसिद्ध झाला. सर्वांत अधिक अख्खें धान्य खाणारांत सर्वांत कमी खाणारांपेक्षां मधुमेहाचें प्रमाण २९ टक्क्यांनीं कमी आढळलें. न्याहारीच्या अख्ख्या धान्याच्या पाकळ्यांचा परिणामहि चांगल्याच बाजूस दिसला. तेव्हां मैद्याच्या पावाऐवजीं किंवा साखरेनें माखलेल्या पाकळ्यांऐवजीं कोणी साध्या अख्ख्या धान्याच्या पाकळ्या खाईल तर त्यानें कांहीं वाईट केलें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु दोन गोष्टी विसरूं नयेत. एक, असें धान्य खाणारी माणसें बहुधा व्यायामहि अधिक करतात व तंबाखूपासूनहि दूर राहतात; शास्त्रज्ञ हिशेबांत त्याची वजावट करतात खरे, पण ती पूर्ण होतेच असें नाहीं. दुसरी, ज्यास रोग नाहीं त्यास तो वर्षानुवर्षे टाळणें हा एक प्रश्न, आणि ज्यास रोग जडला आहे त्याची आज सकाळीं नऊ वाजतांची साखर हा निराळा प्रश्न. पहिल्याचें उत्तर दुसऱ्यास लावल्यानेंच आमच्या पालकांची फसगत झाली.

मग मोर्शीच्या माणसानें सकाळीं खावें तरी काय? यासाठीं बॅटल क्रीकला जाण्याचें कारण नाहीं. आजीस विचारलें तरी पुरे. वऱ्हाडांत ज्वारी भरडून तिच्या कण्या शिजविण्याची चाल जुनी आहे. जात्यावर दाणा दोनचार तुकड्यांत फोडावयाचा, पीठ चाळून भाकरीस वेगळें काढावयाचें, व उरलेल्या कण्या मंद आंचेवर शिजवून ताकाबरोबर खावयाच्या. किंवा अंबाडीच्या भाजींत त्या घालून एकजीव करावयाच्या. हरभऱ्याच्या, मटकीच्या किंवा बरबटीच्या घुगऱ्या तर प्रत्येक घरीं होत. दाणा अख्खा किंवा जाड, सोबतीस डाळीचें वा ताकाचें प्रथिन, आंबटपणा ताकाचा किंवा अंबाडीचा, आणि साखरेचा कण नाहीं: आधुनिक आहारशास्त्र ज्या युक्त्या सांगतें त्यांतील बहुतेक या एका थाळींत आपोआप साधल्या आहेत. आंबटपणानें व प्रथिनानें जठर सावकाश रितें होतें, आणि साखरेची चढण सौम्य होते.

ज्वारीच्या बाजूनें पुरावाहि आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथें इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्था आहे. तिच्या पुढाकारानें जगांतील अनेक प्रयोग एकत्र करून २०२१ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत ज्वारी, बाजरी, नाचणी इत्यादि भरड धान्यांचा सरासरी शर्करांक ५२.७ आला, सडलेल्या तांदुळाचा ७१.७ व मैद्याचा ७४.२ आला. परंतु आम्ही वऱ्हाडी आहों म्हणून ज्वारीची वाजवीपेक्षां जास्त तरफदारी करणार नाहीं. हैदराबादच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं छापलेल्या अन्नसारणींत १०० ग्रॅम ज्वारींत तंतूंचें प्रमाण सुमारें १० ग्रॅम दिलें आहे. अख्ख्या गव्हांत तें सुमारें ११ आहे, आणि सडलेल्या तांदुळांत तीनच्याहि आंत. म्हणजे गहूं हा ज्वारीचा वैरी नव्हे. गव्हाचा जाड रवा किंवा दलिया ताकांत वा भाज्यांत शिजविला तर तोहि उपयोगी पडतो. आणि ज्वारीचीं बिस्किटें, ज्वारीच्या फुगविलेल्या पाकळ्या, ज्वारीच्या बारीक पिठाची गोड लापशी हीं ज्वारी या नांवानें पवित्र होत नाहींत. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें. त्यानंतर बाजारांत ‘मिलेट’ हें अक्षर जिकडेतिकडे दिसूं लागलें आहे. पूर्वीचें अक्षर गेलें व नवें आलें, एवढ्यानें दाण्याचें भलें होत नाहीं.

आमच्याकडील ज्वारी कमी झाली हेंहि कबूल केलें पाहिजे. खरिपांत तिची जागा पुष्कळ ठिकाणीं सोयाबीननें घेतली. इकडे मोर्शी-वरुडकडे संत्र्यानें. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यांत तांदूळ ३ रुपये, गहूं २ रुपये व भरड धान्य १ रुपया किलो असा दर लिहिला होता, आणि २०२३ पासून हें धान्य विनामूल्य मिळूं लागलें. परंतु आमच्या भागांतील घरीं दुकानांतून येतात ते मुख्यतः गहूं व तांदूळच. तेव्हां गरिबास ‘ज्वारी खा’ असा कोरडा उपदेश करणें सोपें आहे, पण तो पुरेसा नाहीं. त्यास आम्ही असें सांगूं: जो गहूं घरांत आहे तोच जाड भरडा, तांदुळाची पेज सकाळीं नको, मूठभर हरभरे रात्रीं भिजत घाला. हरभऱ्याएवढा स्वस्त व गुणी सोबती दुसरा नाहीं.

आतां थोडें स्वतःविषयीं. आम्हांसहि हा विकार आहे. त्या पालकांचा प्रश्न मनास लागून राहिल्यामुळें आम्हीं घरींच एक लहानसा प्रयोग केला. बोटाचा थेंब घेऊन साखर मोजण्याचें यंत्र हल्लीं औषधाच्या दुकानांत मिळतें. निरनिराळ्या सकाळीं आम्ही झटपट ओट्स, पाकिटांतील पाकळ्या, ज्वारीच्या कण्या व हरभऱ्याच्या घुगऱ्या आळीपाळीनें खात असूं. पहिल्या घांसापूर्वी एकदां व त्यानंतर दोन तासांनीं एकदां रक्त पाहत असूं आणि आंकडा वहींत टिपीत असूं. पाकळ्या व झटपट ओट्स यांच्या दिवशीं आंकडा सर्वांत वर गेला. घुगऱ्यांच्या दिवशीं सर्वांत खालीं राहिला. ताक-कण्यांचा आंकडा मध्यें, पण घुगऱ्यांच्या जवळ. आम्हांस मोठा अभिमान वाटला. मात्र एका रविवारीं कण्या रुचकर झाल्या म्हणून आम्हीं दुसरें ताट वाढून घेतलें, आणि त्या दिवशींचा आंकडा थेट पाकळ्यांच्या शेजारीं जाऊन बसला! अख्खा दाणा सावकाश पचतो. पण तो मोजावयाचाच नाहीं असा त्याचा अर्थ नव्हे, हा धडा आम्हांस आमच्याच बोटानें शिकविला.

आमच्या वहींतील आंकडे आमच्यापुरते. प्रत्येकाचें शरीर, औषध व श्रम निराळे असतात, म्हणून प्रत्येकानें आपली वही आपण करावी. न्याहारीचा पहिला घांस घेतल्यापासून एक ते दोन तासांत साखर १८० मिलिग्रॅमच्या आंत राहावी, असें बहुतेक मधुमेह्यांस सांगण्यांत येतें. आपला अंक कोणता हें आपल्या डॉक्टरांस विचारावें. आणि एक इशारा कळकळीनें देतों. जे इन्सुलिन टोंचून घेतात किंवा साखर खालीं आणणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीं न्याहारी एकाएकीं बदलूं नये अथवा कमी करूं नये. औषध पूर्वीचेंच ठेवून अन्न घटविलें तर साखर धोका होण्याइतकी उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्धहि हरपते. अगोदर डॉक्टरांचा सल्ला, मग पथ्यांत बदल, हाच क्रम ठेवावा. न्याहारी हें औषधाचें साहाय्य आहे. ती औषधाची जागा घेत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आतां तुमच्याकडे वळतों. पाकिटावरील मोठीं अक्षरें विकण्यासाठीं असतात, व बारीक अक्षरें कायद्यासाठीं असतात. हीं बारीक अक्षरें बहुधा इंग्रजींत असतात, आणि तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं इंग्रजी वाचणारें माणूस तुम्हीच आहां. तर घरांतील वाचक या नात्यानें तुम्हीं तीन गोष्टी वाचून आईवडिलांस मराठींत समजावून द्याव्यात. पहिली, घटकांची यादी. नियमाप्रमाणें ज्याचें वजन अधिक तें आधीं लिहिलेलें असतें. अख्ख्या धान्याचें नांव पहिलें आहे कीं चवथें, तें पाहा. दुसरी, साखर, ती माल्ट अर्क, ग्लुकोज सिरप, मध, माल्टोडेक्स्ट्रिन अशा निरनिराळ्या वेषांनीं आंत शिरलेली असते. तिसरी, १०० ग्रॅमांमागें साखर किती व तंतु किती. मग पाकीट फोडून एक पाकळी पाण्यांत टाका व ज्वारीची एक शिजलेली कणी हातीं घ्या. पाकळी थोड्याच वेळांत लिबलिबीत होईल. कणी दांतांखालीं आली तरच फुटेल. प्रयोगशाळेवांचून होणारा हा विज्ञानाचा पाठ आहे.

पालकहो, तुम्हांसहि एक विनंति. घरांत एकास मधुमेह झाला कीं त्याच्यासाठीं निराळें महाग अन्न आणावयाचें, व मुलांनीं मात्र चहा-बिस्किटांवर शाळेंत यावयाचें, ही रीत आम्हांस उलटी वाटते. मधुमेह्यास जें मानवतें तेंच बहुधा घरांतील सर्वांस हितकर असतें. एकच कण्यांचें पातेलें, एकच घुगऱ्यांची वाटी सर्वांपुढें येऊं द्या. मुलांच्या वाट्यास दूध जास्त द्या. आईवडिलांचा हा विकार पुष्कळदां मुलांच्याहि वाट्यास येतो. तो न यावा किंवा उशीरां यावा यासाठीं जी तयारी करावयाची ती याच वयांत, याच सकाळीं होते.

असो. ते बागाईतदार गृहस्थ पुनः भेटले तेव्हां आम्हीं त्यांस हें सर्व सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें व म्हणाले, ‘म्हंजे सर, आमची माय करत होती थेच.’ आम्हीं म्हटलें, बरेंचसें तेंच. फक्त ताटांतील वाढप मोजून, आणि रक्त तपासून. पाकीट आणण्याचें त्यांनीं थांबविलें आहे, आणि डॉक्टरांस दाखवावयाच्या वहींत सकाळचे आंकडे त्यांची कन्या लिहिते. यंदाच्या बालदिनीं आमच्या शाळेंत हस्तलिखितांच्या मेजाशेजारीं ज्वारीच्या कण्यांचें एक पातेलें असावें व त्याच्या बाजूस निरनिराळ्या पाकिटांवरील बारीक अक्षरांचें विद्यार्थ्यांनीं केलेलें मराठी भाषांतर टांगलेलें असावें, अशी आमची सूचना आहे. ती मान्य झाल्यास पालकांनीं चव घेण्यास अवश्य यावें. दुसरें ताट मात्र मागूं नये.